म्हैस सिस्टिमनं आणली नव्हती

हे घराबाहेर सांगायचं नाही, असं आईनं बजावलं आहे. तरी सांगते. घोळ माझाच, पण आळ भलत्यावर आला होता.

आईचा मोबाईल जुना. कंपनीनं त्याला अपडेट देणं कधीच बंद केलं होतं. मी आठवडाभर वाचून त्यात ओपन सोर्स सिस्टिम टाकली. म्हणजे जिचा कोड कुणीही उघडून तपासावा, अशी. लपवाछपवी नाही. आधी सगळे नंबर कॉम्प्युटरवर उतरवले, मग जसेच्या तसे परत घातले. मोबाईल पळायला लागला. कंधारात दुसऱ्या कुणी केलं असेल तर दाखवा!

त्याच दिवशी लातूरची आत्या आली. दहावीनंतर मी तिच्या घरी राहून शिकायचं की नाही, हे ती ठरवणार होती. मी पाहुण्यांपुढे पाणी ठेवून आत पळणारी. पण आईनंच कौतुक सांगितलं, आणि आत्यानं बघू म्हणून रिंग दिली.

आईला चष्म्याशिवाय नावं वाचता येत नाहीत, म्हणून ती प्रत्येक नंबरला फोटो लावते. आधी तो नखाएवढा दिसायचा. नव्या सिस्टिममध्ये स्क्रीनभर येतो.

आत्याची रिंग वाजली. स्क्रीनभर आमची म्हैस. रवंथ करताना.

"या पोरीनं कायतरी घातलंय त्यात," आई म्हणाली. "फोटोंची अदलाबदल झाली, आक्का."

मी गप्प बसायला हवं होतं ना? एरवी गप्पच असते. पण अदलाबदल? माझ्या सिस्टिममध्ये? मी कॉम्प्युटरवर आधी उतरवलेली नंबरांची मूळ फाईल उघडून आत्यापुढे धरली. तिचं नाव, तिचा नंबर, म्हैस.

"सिस्टिम चुकली न्हाई, आत्या. आधीपासून हेच हाय."

आईकडे बघायची सोय नव्हती. लातूर संपलं, असं मी धरून चालले. आत्या बराच वेळ म्हशीकडे बघत होती.

"वैनी, पोरगी खरं बोलती. माझ्याकडंच राहू द्या."

मग काय, मी फुशारले. तुझाही मोबाईल करून देते म्हणाले.

"त्यात समदे फोटो असेच दिसतेत?"

"हाव. स्क्रीनभर."

आत्यानं मोबाईल पर्समध्ये टाकला. "ऱ्हाऊ दे. चांगला चालून राहिलाय."

ती फाईल पुसून टाक म्हणून आई मागे लागली आहे. मी पुसणार नाही. काल मात्र त्या फाईलमध्ये सहज माझा नंबर शोधला. फोटो होता शिट्टी नसलेल्या कुकरचा. आवाज नाही, पण आतलं सगळं बाहेर! आज मी आईला तोंडावर विचारणार आहे, की खरं बोलणाऱ्या मुलीला तू

"ए कुकर! कुणाला सांगून राहिलीस गं?"