विहिरीत लटकलेली जीपवाली

जालन्यातून कॉमिक काढायचं, हे खूळ माझ्या मित्राचं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश वाळले. त्याच्या डोक्यात एक बाई होती, जाफराबाद रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवणारी. ती वाळूचोरांचा पाठलाग करते, पण वाटेत प्रवासीही घेते, कारण धंदा तो धंदा. मी लिहायचं, त्यानं काढायचं. झालो आम्ही प्रकाशक!

पहिला अंक एसटी स्टँडवर आणि तीर्थपुरीच्या बाजारात हातोहात खपला. शेवटच्या चित्रात जीपवाली विहिरीत दोराला लटकलेली, दोर तुटत आलेला. ती वर कशी येणार, हे मित्रानं मलाही सांगितलं नाही. "पानावरच बघ," म्हणायचा.

तेवढ्यात आमचा सत्कार झाला आणि घात झाला. शाल-नारळ देणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो छापणं ओघानंच आलं. त्याचा छापला म्हणून विरोधकाचाही छापला. मग दोघांचे शुभेच्छुक. आमच्याकडं जीपमध्ये आणि फोटोत जागा नाही असं कुणी म्हणत नाही, थोडं सरकून घ्या म्हणतात. सरकता सरकता मित्राची पानं संपली.

"मंग माझी जीपवाली वर कव्हा येईन?" तो भडकला.

"येईन की पुढच्या अंकात. इतकी काय जल्दी हाय?" मी म्हणालो.

दुसऱ्या अंकात या टोकापासून त्या टोकापर्यंत गॉगल, फेटे आणि जोडलेले हात. जीपवालीला एकच चौकोन, त्यातही ती लटकलेलीच. शुभेच्छुकांनी आपापलं पान पाहिलं आणि अंक मिटला. वाचणाऱ्यांनी तर हातही लावला नाही. तिसरा अंक निघालाच नाही. कॉमिक बंद पाडल्याबद्दल कुणी सत्कार केला नाही, एवढंच नशीब.

मित्र आता फ्लेक्सच बनवतो. जीपवालीचा विषय काढला की उठून जातो.

परवा वाटूर फाट्यावर जीपची वाट बघत होतो. समोर कुण्या दादांच्या वाढदिवसाचं भलंमोठं बॅनर, खाली शुभेच्छुकांच्या रांगा. अगदी शेवटच्या गोलात एक बाई. केस ओले, खांद्यावर तुटका दोर, मागं विहिरीचा काठ. चक्क हसत होती. भर चौकात माझे डोळे भरून आले. लगेच मित्राला फोन लावला.

"अरे, वर आली की ती!"

"आली," तो म्हणाला. "सगळ्यांला म्हणलं, थोडं सरकून घ्या."