डोंगरेकाकांचे पॉइंट

आमच्या ऑफिसातून फायली कधीतरी पुढे सरकतात, किस्से मात्र जागच्या जागी साचत जातात! रायपूर राजधानी होऊन सात-आठ वर्षं झालेली, आमचं ऑफिस शंकर नगरात एका भाड्याच्या बंगल्यात, आणि हेडक्लार्क डोंगरेकाका. काकांनी रेल्वेच्या पॉइंटचं कार्ड काढलं आणि किस्स्यांना ऊत आला. त्या कार्डावर एसीची तिकिटं काढायची, पॉइंट जमवायचे, पुरेसे झाले की प्रवास फुकट. काकांनी जाहीर करून टाकलं, "मी अन् तुमची काकू काशीले जाऊन राहिलो. फुकट!"

त्यांची एकुलती एक मुलगी मीनल पुण्याला होती. तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून दोन वर्षं काका तिच्याशी बोलले नव्हते. जावयाचं तर नावही घेत नसत. काकूंचा चेहरा पाहून आम्हालाच वाईट वाटायचं.

*

कार्ड नवं होतं तेव्हा नागपूरला जाताना काकांनी टीसीला अडवलं. "साहब, मेरे पॉइंट लिख लो. मैं बैठा हूँ ना डिब्बे में!"

टीसी म्हणाला, "चाचा, पॉइंट टिकट निकालने के मिलते हैं, बैठने के नहीं."



*

परतले ते नवा कायदा घेऊनच. ऑफिसातलं प्रत्येक तिकीट काकांच्या कार्डावर! शेजारच्या टेबलावरच्या दुबे भैयाला गोंदियाला जायचं होतं, स्लीपरनं.

"स्लीपरले पॉइंट नाही. एसीत झोपून जा!"

"पर काका, दिन की गाड़ी है, तीन घंटे का सफर!"

"तर दिवसा झोप!"

*

काकांच्या मेव्हण्यानं अकोल्याचं तिकीट याच कार्डावर काढलं आणि परत आल्यावर हिस्सा मागितला. "गाडीत मी बसलो, अन् पॉइंट तुमचे काहून?"

काका म्हणाले, "लग्नात माझा मानपान राहून गेला होता. तो समज!"

*

दुबे भैयाच्या भावाचं भोपाळला ठरलेलं लग्न मोडलं. वऱ्हाडाची सगळी तिकिटं काकांच्या कार्डावर, आणि तिकीट रद्द झालं की पॉइंटही जातात. ऑफिसभर हळहळ. काकांनी दुबेच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "दुसरी पोट्टी पाहून राहिले का? भोपाळचीच?"

*

आणि एक दिवस दोघांपुरते पॉइंट पूर्ण झाले! ऑफिसात पेढे वाटले. दुबे भैया कॉम्प्युटरवर बसला, आम्ही सगळे मागे उभे.

"कहाँ से, काका?"

"पुणे."

दुबेनं मान वर केली. "और कहाँ तक?"

"रायपूर."

दुबे टाइप करत राहिला. "पैसेंजर?"

"मीनल. वय सत्तावीस." काकांनी चष्मा पुसला. "अजून एक आहे. लिही." आणि त्यांनी जावयाचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट!

"इनकी उमर?"

काका बोटं मोजू लागले.

"अंदाज़े से डाल दूँ, काका?"

"नाही. सरकारी फॉर्म आहे." काकांनी टेबलावरचा फोन ओढला, पाकिटातून घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि नंबर फिरवला.

"हॅलो, जावईबापू का? मी रायपूरहून डोंगरे बोलून राहिलो. तुमचं वय किती?"