मिस्टरांचा सत्कार

अमेरिकेत, कोलंबसजवळच्या आमच्या डब्लिनमध्ये मुलींच्या सॉकर क्लबला एक इटालियन कोच होते. इटलीत खेळाडू कोचला 'मिस्टर' म्हणतात, म्हणून आमच्या मुलीही त्यांना मिस्टरच म्हणत. तरुणपणी ते दक्षिण इटलीतल्या कुठल्याशा गावाच्या संघातून खेळायचे. गुडघा गेला, मग मामाच्या फरशीच्या धंद्यात इकडे आले. दिवसा लोकांच्या बाथरूममध्ये टाइल्स बसवायच्या आणि संध्याकाळी पोरींना शिकवायचं, यात उभं आयुष्य काढलं. बायको गेल्यावर टाइल्सही सुटल्या. राहिलं ते मैदान.

आधी बचाव, गोल नंतर, ही त्यांची पद्धत. बचावफळीतल्या चौघींच्या कमरेला एकच दोरी बांधून ते त्यांना मैदानभर पळवायचे. एक हलली की चौघी हलल्या पाहिजेत. माझी मुलगी त्या चौघींतली. काही पालक कुरकुरायचे, "पोरी काय गुरं आहेत का?" पण घरी स्वतःचं ताट न उचलणारी माझी लेक मैदानात दुसरीची जागा राखायला जीव तोडून धावायची. मला तो माणूस फार आवडायचा.

अलीकडे संघ सारखा हरत होता. क्लबच्या अध्यक्षबाईंना लॅपटॉपवाला तरुण कोच हवा होता, आणि ते मिस्टरांच्या कानावर गेलं होतं. एकदा प्रॅक्टिसनंतर त्यांनी मला सरळच विचारलं, "माझी टीम काढून घेणार का हे?" मी म्हटलं, "आम्ही सगळे तुमच्या बाजूने आहोत." आणि होतोच. संघातल्या निम्म्या मुली मराठी.

युक्ती काढली ती आमच्या मराठी मंडळातल्या रिटायर्ड डॉक्टरकाकांनी. "क्लबच्या बोर्डाशी फाइट नको. आपण मिस्टरांचा जाहीर सत्कार करू. प्रेसिडेंटलाच चीफ गेस्ट म्हणून इन्व्हाइट करू. एवढं पब्लिकली ऑनर केल्यावर कोण त्यांना हात लावतो बघू!" आम्हाला पटलं. आपल्याकडे ज्याच्या खांद्यावर शाल पडली त्याला घरी पाठवायची कुणाची छाती होते? मिस्टरांना मात्र काही सांगायचं नाही, सरप्राइज ठेवायचं असं ठरलं.

लायब्ररीचा हॉल घेतला. मिस्टरांना मधल्या खुर्चीत बसवलं, शाल पांघरवली, पुणेरी पगडी चढवली. ती त्यांना घट्ट होत होती. काकांनी इंग्रजीत मानपत्र वाचलं. आपण आयुष्य वेचलंत, पिढ्या घडवल्यात, आपले उपकार फिटणार नाहीत. माणूस गेल्यावर बोलतात तसं सगळं. पगडीखालचं त्यांचं तोंड उतरत चाललेलं मला दिसत होतं.

अध्यक्षबाई उठल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "इतका सुंदर निरोप मी कधी पाहिला नव्हता. तुम्ही माझं काम सोपं केलंत." सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. डॉक्टरकाकासुद्धा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ओरडले, "हा निरोप नाहीये!" त्या कडकडाटात कुणाला ऐकू जाणार? शेजारून लेक म्हणाली, "आई, यू गाइज जस्ट रिटायर्ड हिम."

मी धावत पार्किंग लॉटमध्ये गेले. मिस्टर गाडीशी उभे राहून शालीची घडी घालत होते.

"मिस्टर, तो निरोप नव्हता हो. आमच्यात असा मान देतात. तुम्ही राहावं म्हणूनच केलं. मी उद्याच बोर्डाशी बोलते."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग विचारलं, "तुमच्याकडे हे कुणाचं करतात? शनिवारी ज्याची मॅच आहे, त्याचं करतात?"

आजवर पाहिलेले सत्कार माझ्या डोळ्यांसमोर आले. शाळेतले म्हातारे सर. बँकेतल्या शेवटच्या दिवशी हार घालून बसलेले माझे वडील. दवाखाना बंद केला तेव्हाचे खुद्द डॉक्टरकाका. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण त्या माणसाशी बोलवेना.

"नाही," मी म्हटलं.

"मग मी बरोबरच समजलो," ते म्हणाले. शाल मागच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली.