सुटलेली शपथ

निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर जयदीप पॅराग्लायडर, म्हणजे टेकडीवरून उडायचे कापडी पंख, दुरुस्त करतो. ऐन उन्हाळ्यातही तिथला पंखा बंद, खिडक्या बंद. कापड इतकं हलकं की झुळूक आली तरी फुगून उठतं. घामेजलेला जयदीप जमिनीवर पसरलेल्या पंखावरून गुडघ्यांवर सरकत एकेक कप्पा उजेडासमोर धरतो. कापडातून हवा किती झिरपते ते यंत्र लावून बघतो, दोऱ्या ताणून मोजतो, फाटलं असेल तिथे शिवतो.

शिवण तो चाकणला शिकला. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत तो शिलाई विभागात होता. सुट्टी मिळाली की कामशेतच्या टेकड्यांवर उडायला जायचा. एकदा उतरताना वाऱ्याचा झोत आला आणि तो शेताच्या दगडी बांधावर आदळला. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. दवाखान्यात त्याची बायको विजयश्री लहानग्या मुलीला कडेवर घेऊन उभी होती. "माझी शपथ आहे. परत उडायचं नाही," ती म्हणाली. त्याने मान हलवली.

दिवसभर उभं राहणं जमेना म्हणून कंपनी सुटली आणि हे काम सुरू झालं. दुसऱ्यांचे पंख हाताखालून जात, ते घेऊन माणसं उडत. जयदीप घरात गप्प गप्प राहू लागला. जेवणात मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचा. विजयश्रीला कारण माहीत होतं.

दोऱ्या बदललेला पंख गिऱ्हाइकाला देण्याआधी उडवून बघावा लागतो. ते काम कामशेतची पायलट तेजस्विनी करायची. यंदा हिवाळ्यात ती एक पंख घेऊन उतरली आणि म्हणाली, "जयदीपदादा, हा किंचित डावीकडे ओढतोय. पण कुठून ते मला नीट सांगता येत नाही. तुम्हीच एकदा उडवून बघा ना."

त्याने घरी येऊन हे नुसतं सांगितलं, मागितलं काही नाही. विजयश्री बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "जा तू. तुला बांधून घातल्यासारखं वाटतं मला रोज. सुटली शपथ."

रविवारी सकाळी तो टेकडीवर उभा राहिला. समोरून वारा छान येत होता. पंख डोक्यावर सरळ उभा राहिला. जयदीप धावला आणि उताराच्या तोंडाशी त्याचे पाय थांबले. पंख पुढे जाऊन गवतात कोसळला. त्याने पुन्हा मांडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पाऊलच उचललं नाही. तेजस्विनीने त्याच्या अंगावरचे पट्टे सोडवले.

"कसं झालं?" घरी विजयश्रीने विचारलं.

"वाराच नव्हता."

पुढच्या रविवारी त्याचा पाय दुखत होता. त्यानंतरच्या रविवारी काम होतं. ती मात्र दर वेळी डबा भरून ठेवायची. शेवटी एकदा भरलेला डबा तसाच ओट्यावर राहिला, तेव्हा तो म्हणाला, "वारा होता गं त्या दिवशी. माझाच पाय उचलला नाही."

ती खाली बसली. "मग इतकी वर्षं माझ्यावर का रागावलास?"

शपथ होती तोवर त्याला अडवणारं दुसरं कोणीतरी होतं. आता राग करायलाही कोणी उरलं नव्हतं.

त्या पंखाचा दोष पुढे दोऱ्या पुन्हा मोजताना सापडला. डाव्या ब्रेकची, म्हणजे पंख वळवायची, दोरी बोटभर आखूड बांधली गेली होती. जयदीपने ती बदलली, तेजस्विनीने पंख उडवला, गिऱ्हाईक घेऊन गेलं. टेकडीपाशी जयदीप अजूनही जातो आणि खालच्या मैदानात उभा राहतो. दोऱ्या मोजताना हल्ली विजयश्री दुसरं टोक धरते. ती विचारते, "ताण बरोबर आहे का?" आणि तो म्हणतो, "अजून थोडी मागे सरक."