कोपऱ्यातलं पान

माझे बाबा सुतार, पण कागद करायचे वकिलासारखा. स्टूल असो की दार, लाकूड कोणतं, माप किती, कोणत्या तारखेला कुठे पोचवायचं, सगळं लिहून त्याखाली दोघांच्या सह्या. शेवटचं कलम ठरलेलं: ‘काम मी स्वतःच्या हातानं करीन.’ आई म्हणायची, "ह्यांनी माझ्याशी लग्नसुद्धा दोन प्रतींत केलंय."

त्या कलमामागे जुनं दुखणं होतं. तरुणपणी बाबांनी एका उस्तादाकडे सात वर्षं कोरीवकाम केलं आणि बाबांनी कोरलेल्या प्रत्येक दारावर खूण पडली उस्तादाची. म्हणून स्वतःचं दुकान टाकल्यावर ते प्रत्येक कामाच्या कोपऱ्यात तीन पाकळ्यांचं पान कोरू लागले.

मग बाबांच्या हाताला कंप सुटला. तेव्हा शाळेच्या वाचनालयाचं दार अर्धं कोरून झालं होतं आणि मुदत नऊ दिवसांवर होती. बारा वर्षं मी त्यांच्याशेजारी पटाशी चालवत होते, पण त्या दाराला हात लावू देतील तर शपथ. "कागदात माझा हात लिहिलाय," एवढंच. पटाशी दोनदा घसरून बोट कापलं, तरी हट्ट सुटेना. मला रागही यायचा आणि रडूही.

दुपारी त्यांचा डोळा लागला की मी कोरायचे. आठव्या दिवशी दार पुरं झालं. कोपऱ्यात मी त्यांचंच पान काढलं. वाटलं, खूश होतील.

बाबांनी दारावरून थरथरती बोटं फिरवली आणि पानापाशी थांबले.

"पोरी, मला त्या उस्तादाच्या जागी बसवलंस गं."

दुसऱ्या दिवशी दार घेऊन आम्ही शाळेत गेलो. बाबांनी मुख्याध्यापिकाबाईंसमोर कागद ठेवला. "बाई, ठरल्याप्रमाणे काम झालं नाही. अर्धा हात मुलीचा आहे. नको असेल तर परत नेतो."

बाईंनी दार नीट निरखलं. "अहो, छान झालंय. आम्हाला चालेल."

"मग तसं लिहा."

बाईंनी शेवटचं कलम खोडून माझं नाव घातलं. बाबांची सही तीनदा बिघडली, शेवटी त्यांनी अंगठा दिला.

"आता ते पान काढून टाक. तुझी खूण कर."

"राहू द्या ना, बाबा. तुमचं शेवटचं काम आहे."

"ते पान मी कोरलेलं नाही."

त्यांनी दार घट्ट धरून ठेवलं, तेवढं अजून जमत होतं. मी पटाशी लावली आणि बाबांचं पान माझ्याच हातानं तासून काढलं.