उपसू नका म्हणणारे नागोराव

नागोरावदादा गेल्याचं पत्र मला सोलापुरात तीन आठवड्यांनी मिळालं. गावाने शोकसभा घेतली, म्हणे. भाषणं केलेल्यांची नावं वाचून डोकं तापलं. याच माणसांनी दादांना उपाशी ठेवलं होतं... खाली लिहिलेलं, तुम्हीही दोन शब्द पाठवा. हे ते दोन शब्द.

हैदराबादचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झालेली. मी कोकणातला, चौथीतून शाळा सुटलेला, मानवतजवळच्या एका गावी कापसाच्या जिनिंगचं इंजिन चालवायला आलो. डिझेलची टाकी जमिनीत पुरलेली. एका सकाळी पिण्याच्या विहिरीवर रंगीत तवंग दिसला. गावात परका मी, तेलकट कपडेही माझेच. गावकरी अंगावर आले.

"ह्या कोकण्यानंच वतलं. उपस रं, भाड्या!"

मी विहीर उपसली. त्यांनी नारळ फोडला. दोन दिवसांनी तवंग आणखी जाड. पुन्हा उपसली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पाटील म्हणाले, "आता साफ न्हाई झालं तर तुलाच आत टाकतो."

तेवढ्यात दादा आले. जन्मभर विहिरी खोदलेला माणूस. ओंजळभर पाणी हुंगून म्हणाले, "उपसू नका. जितकं उपसायलाव, तितकं भुईतलं तेल हिरीत वढायलाव."

"तू लय शाना का रं, नाग्या?" पाटील गुरकावले.

दादांनी कुदळ उचलली. विहिरीपासून दर दहा पावलांवर खड्डा घेत निघाले. काळी माती संपून मुरूम लागला की मूठभर मुरूम परातीतल्या पाण्यात सोडायचा. रंग उठला की पुढचा खड्डा. खड्डे जिनिंगकडेच वळले. पाचव्या खड्ड्याशी मला राहवलं नाही. "दादा, टाकीत काठी घालून मी रोज तेल मोजतो. इंजिन बंद असलं तरी उतरतंय. बोललो तर जिनिंगचे शेठ हाकलतील."

वर न बघता ते म्हणाले, "मंग गप ऱ्हा. म्या खंदतो की."

टाकीलगतचा मुरूम त्यांनी सगळ्यांसमोर मुठीत पिळला. बोटांतून डिझेल गळालं. कुणीही माझी माफी मागितली नाही. टाकी काढावी लागल्यावर शेठने निरोप फिरवला, नागोरावला काम देईल त्याचा कापूस घेणार नाही. अख्खं गाव शेळपट निघालं. ज्यांच्या लेकरांच्या तोंडचं घाण पाणी दादांनी काढलं, त्यांनीच दादांना विहिरीच्या कामावरून उठवलं. गावावर तेव्हा चिडलो, आजही चिडतो. पण काठीची गोष्ट मीही चारचौघांत काढली नाही. दादांनीही माझं नाव घेतलं नाही, म्हणून माझी नोकरी टिकली...

पुढे मी गाव सोडताना दादांनी ती परात माझ्या हातात दिली. "न्हे. हितं आता कोन खंदू देतंय मला?"

रोज सकाळी मी तीत पाणी ओततो आणि उजेडात तिरकी धरून बघतो. बायको म्हणते, "अहो, नळाचं पाणी आहे!" असू दे. माझं बघून झाल्याशिवाय घरात कुणी घोट घेत नाही.