काकूंचं भिरभिरं

गच्चीवरच्या पाइपाला मी हवामान मोजायचं, वाऱ्यावर गरगरणारं छोटं यंत्र बसवलं, तेव्हापासून शेजारच्या मालतीकाकू त्याला ‘तुझं भिरभिरं’ म्हणतात. आज सकाळी त्यांनी गच्चीभर चादरी पसरून कुरडया घातल्या होत्या. बातम्यांत जिल्हाभर कोरडं हवामान सांगितलं होतं. दुपारी मात्र यंत्राला जोडलेल्या माझ्या घरातल्या पडद्यावर हवेचा दाब भराभर उतरू लागला, तसा मी वर धावलो.

“काकू, कुरडया उचला. पाऊस येतोय.”

“एवढ्या उन्हात?” म्हणत त्यांनी माझ्या समाधानासाठी एक चादर गोळा केली. बाकीच्या मीच ओढल्या. शेवटची जिन्यात आणेपर्यंत डोंगरामागून काळं चढून आलं आणि पत्र्यावर टपोरे थेंब वाजू लागले.

जिल्हा केवढा मोठा. त्याच्या अंदाजात आमची गच्ची कुठून मावणार? पण तिच्यावरही तिच्यापुरतं आभाळ असतंच. आज त्या आभाळाच्या मनातलं मला आधी कळलं होतं, आणि भिजलो असूनही मी राजासारखा उभा होतो.

संध्याकाळी लख्ख उघडलं. काकू दारात आल्या. वर आभाळाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“उद्या पापड घालायचेत,” त्या म्हणाल्या. “विचार बरं आपल्या भिरभिऱ्याला.”